आधी तासकाटा, मिनिटं मागून

ताई, दुसरीच्या पोरांना घड्याळ शिकवताना पहिल्याच दिवशी दोन्ही काटे दाखवू नका. परभणीकडच्या एका वस्तीवर मी तेच केलं आणि पोरं महिनाभर गोंधळली. पुठ्ठ्याच्या घड्याळाला नुसता तासकाटा लावा. तो तीन आणि चारच्या बरोबर मधात ठेवून विचारा, किती वाजले? साडेतीन त्यांना एका काट्यावरून कळतं. मिनिटकाटा पाचचा पाढा आल्यावर.

खरी अडचण आपल्या बोलण्यात आहे. साडेतीन, साडेचार शिकलेलं पोर 'साडेएक' म्हणणारच. दीड, अडीच वेगळे घोकून घ्या. त्याहून अवघड पावणे. पावणेचार म्हणजे ३:४५, पण कानावर 'चार' पडलं की पोर ४:४५ लावतं. तासकाटा चारच्या जरा अलीकडं ठेवा आणि बोटानं दाखवा, 'चाराला पाव तास कमी आहे.' सव्वाला हा त्रास नाही.

पुठ्ठ्यावर एक काटा फिरवला तरी दुसरा हलत नाही. म्हणून घरातलं बंद पडलेलं भिंतीचं घड्याळ आणा, मागची चकती पोरांनाच फिरवू द्या. मिनिटकाट्याची पूर्ण फेरी झाली की तासकाटा एकच घर सरकतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघू द्या. मग विचारा, सकाळची एसटी किती वाजता येते?