नोकरी सोडून एम.टेक. करावे का?

प्रश्न : मी मेकॅनिकल शाखेतून बी.ई. झालो असून दोन वर्षांपासून भोसरीतील वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. शिफ्ट सांभाळणे, रिजेक्शनचे आकडे भरणे आणि माल वेळेवर रवाना करणे यातच दिवस जातो. शिकलेल्या विषयांशी संबंध उरलेला नाही. डिझाइनमध्ये जाण्यासाठी एम.टेक. करावे असे वाटते, परंतु शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. काय करावे?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रात हातातल्या कामाचा कंटाळा आणि डिझाइनची ओढ अशा दोन गोष्टी मिसळल्या आहेत. कंटाळ्यावर एम.टेक. हा उपाय नव्हे; त्यासाठी विभाग किंवा कंपनी बदलणे पुरेसे असते. ओढ खरी असेल, तर मात्र हा विचार जरूर पुढे न्यावा.

डिझाइन विभागात मॉडेल आणि ड्रॉइंग करण्याच्या कामाला पदव्युत्तर पदवी लागत नाही. कॅडवर, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर, हात बसलेला असेल आणि भाग मशीनवर प्रत्यक्ष कसा घडतो हे तुमच्यासारखे जवळून पाहिलेले असेल, तर बी.ई.वरही तेथे शिरकाव होतो. एम.टेक.चा खरा उपयोग त्यापुढच्या विश्लेषणाच्या कामात होतो. एखाद्या ब्रॅकेटवरचा ताण संगणकावर तपासताना आतल्या काटकोनी कोपऱ्यात मेश, म्हणजे गणितासाठी भागाचे पाडलेले छोटे तुकडे, जितके बारीक करावे, तितका ताणाचा आकडा वाढतच जातो आणि तो कोठेच स्थिरावत नाही. ज्याला केवळ सॉफ्टवेअर येते, तो घाबरून भागाची जाडी वाढवतो आणि वजन व खर्च दोन्ही वाढवून बसतो. ज्याने स्थितिस्थापकतेचा सिद्धांत नीट अभ्यासला आहे, त्याला ठाऊक असते की पूर्ण टोकदार कोपऱ्यात गणिताने येणारा ताण अनंताकडेच जाणार; म्हणून तो प्रत्यक्ष भागातली फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, मॉडेलमध्ये घेतो आणि मगच आकड्यावर विसंबतो. ही समज नोकरीच्या धावपळीत स्वतःहून येणे फार कठीण आहे, आणि तिच्यासाठी दोन वर्षे देणे मला योग्य वाटते.

अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन करायचे असेल, तर एम.ई. किंवा एम.टेक. आवश्यकच आहे. याउलट, वीजनिर्मिती करणाऱ्या एनटीपीसीसारख्या सार्वजनिक कंपन्या गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेतील गुणांवर बी.ई. झालेल्यांची थेट भरती करतात, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी एम.टेक. करण्याचे कारण नाही.

आता पैशांचे. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला पूर्णवेळ प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्यात मेस आणि वरखर्च भागेल, कर्जाचे हप्ते भागणार नाहीत. म्हणून निदान वर्षभराच्या हप्त्यांची तजवीज आधी करावी आणि उरलेल्या काळासाठी मुदतवाढ मिळेल का, हे बँकेत जाऊन विचारावे. गेटशिवायही राज्यातील काही महाविद्यालयांत जागा मिळते, परंतु तेथे हे विद्यावेतन नाही आणि शुल्क मात्र भरावे लागते. डोक्यावर कर्ज असताना अशी जागा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी सोडणे अगदीच अशक्य असेल, तर बिट्स पिलानीसारख्या संस्था नोकरदार अभियंत्यांसाठी एम.टेक. चालवतात, मात्र प्रयोगशाळेत मनासारखा वेळ देणे त्यात जमत नाही.

संस्था निवडताना केवळ नावावर जाऊ नका. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, नागपूरचे व्हीएनआयटी किंवा आयआयटी मुंबई यांपैकी कोठेही गेलात, तरी दुसऱ्या वर्षाचा बहुतेक वेळ प्रबंधातच जातो. विषय उद्योगाच्या खऱ्या अडचणीतून आलेला असेल आणि मार्गदर्शक त्यात स्वतः काम करणारे असतील, तर मुलाखतीत बोलण्यासारखे काही तुमच्यापाशी असते. म्हणून प्रवेशापूर्वी त्या विभागातील दोन-तीन चालू विद्यार्थ्यांना गाठून ते रोज नेमके काय करतात, हे विचारावे.

गेट दर फेब्रुवारीत होते आणि तिचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात. तेव्हा यंदा नोकरीत राहूनच परीक्षा द्यावी, आणि तोवर कंपनीतील डिझाइन विभागाच्या प्रमुखांना भेटून तुमच्याच लाइनवरील वारंवार रिजेक्ट होणाऱ्या एखाद्या भागाचा अभ्यास करण्याची परवानगी मागावी. त्या अभ्यासात मन रमले, तर हवी ती जागा मिळाल्याचे पत्र हाती आल्यावरच राजीनामा द्यावा.