चाव्या दोनच आहेत

"माई, नमस्कार. आम्ही मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो. नवरा, मी आणि सात वर्षांचा मुलगा. माझी कॉलेजची जिवलग मैत्रीण, तिला आपण वैशाली म्हणू, नाशिकहून १४ डिसेंबरला आलीये, परतीचं तिकीट २० जानेवारीचं. बारा वर्षं मीच तिच्या मागे लागले होते, ये गं ये गं म्हणून, आणि आता मीच दिवस मोजतेय, लिहितानाही लाज वाटतेय. ख्रिसमसच्या सुट्टीत सगळं दाखवलं तिला, ग्रेट ओशन रोड, पफिंग बिलीची वाफेची गाडी, फिलिप आयलंडचे पेंग्विन, ते बघून घरी पोचायला रात्रीचा एक वाजला. आता आमची ऑफिसं सुरू झाली, मुलगा हॉलिडे प्रोग्रॅमला जातो. ती दिवसभर घरात असते आणि आम्ही आत पाऊल टाकलं रे टाकलं की 'आज कुठे जायचं?' असा चेहरा. मी संपलेली असते हो. बँकेत मॅनेजर आहे, अख्खी शाखा सांभाळते, आणि इथे जा की जरा पाय मोकळे करून ये म्हटलं तर नको म्हणते. (दार ओढलं की आपोआप लॉक होतं आणि चाव्या दोनच आहेत, एक माझ्याकडे एक ह्याच्याकडे, पण घरात एसी आहे, नेटफ्लिक्स आहे, फ्रीज भरलेला आहे.) परवा आले तर तिने माझे सगळे मसाल्याचे डबे काढून पुसून नव्याने लावलेले, मला हळद सापडेना, मी भडकले, ती रडली. नवरा म्हणतो तिकीट अलीकडचं करून घ्यायला सांग. कॉलेजात मी तिच्या घरी पडीक असायचे, तिच्या आईने दोन वर्षं जेवू घातलंय मला. तिला कसं सांगू?
— दमलेली यजमानीण"

दमलेल्या बाई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही तुझी दया आली, खोटं नाही सांगत. दुसऱ्यांदा त्या कंसापाशी थांबले. तिसऱ्यांदा फक्त तो कंसच वाचला.

चाव्या दोनच आहेत.

अगं, म्हणजे गेले चार आठवडे ती बाई तुझ्या घराबाहेर पडू शकते पण परत आत येऊ शकत नाही, आणि तू मला विचारतेस की ती फिरायला का जात नाही! जाईल कुठे? गेली तर संध्याकाळी सहापर्यंत ४० डिग्रीत पायरीवर बसून राहील? तुझ्या तिकडे चारी बाजूंनी नवी नवी घरं, झाडं अजून माणसाच्या कमरेएवढी, सावली म्हणून मेलबॉक्सची. गराजचे रिमोट तुमच्या दोन गाड्यांमध्ये असणार, ते गाड्यांबरोबर ऑफिसला जातात. आणि वर तू म्हणतेस एसी आहे, नेटफ्लिक्स आहे. फ्रीज भरलेला आहे म्हणे. बाई गं, मांजराला घरात ठेवून जाताना माणूस असंच सांगतं शेजाऱ्यांना.

एक आधी विचारते, ह्याचं उत्तर मला नको, स्वतःला दे. सकाळी घाईत निघताना सवयीने बाहेरून डेडलॉक, म्हणजे किल्लीशिवाय आतूनही न उघडणारं कुलूप, तर फिरवत नाहीस ना? फिरवत असशील तर आजपासून बंद. आत माणूस असताना ते करायचं नसतं, घरात आग लागली तर ती दारातून बाहेरच पडू शकणार नाही. हे मी भांडायला नाही सांगत, हे खरंच भीतीने सांगतेय.

आता माझी गोष्ट ऐक. काही वर्षांपूर्वी मी सिडनीला भाचीकडे राहिले होते, परामट्याच्या जवळ, जानेवारीचाच महिना. पोरगी गुणाची, मला फुलासारखं ठेवलं होतं. सकाळी दोघं कामाला गेली की मी आणि ते घर. चौथ्या-पाचव्या दिवशी कचऱ्याचा डबा आत आणायला म्हणून गाऊनवर बाहेर गेले, वारा आला, दार खट्ट. फोन आत, चष्मा आत, पायात भाचीच्या नवऱ्याच्या सपाता. साडेतीन तास बाहेर होते मी. समोरची लेबनीज म्हातारी, तिला माझी भाषा येत नाही मला तिची येत नाही, इंग्रजी दोघींचंही यथातथाच, तिने मला हाताला धरून तिच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, झाडाची अंजिरं दिली, आणि कपाळाला हात लावून लावून माझ्या भाचीच्या घराकडे बघत काहीतरी बोलत होती. काय ते मला समजलं बरं का.

संध्याकाळी भाची आली तेव्हा तिला वाटलं मी आत्ताच फिरायला म्हणून बाहेर आलेय. आणि मी तिला काय सांगितलं माहितीये? हो गं, छान हवा आहे म्हणून आले जरा. झालं. दीड महिना राहिले, किल्ली मागितली नाही. साठी उलटलेली बाई मी, लोकांना सल्ले देऊन पोट भरते, आणि भाचीकडे एक किल्ली मागायला तोंड उघडलं नाही माझं.

कारण पाहुणा किल्ली मागत नाही गं. चहा मागेल, पांघरूण मागेल, अगदी घसट असली तर पैसे उसने मागेल, पण किल्ली मागणं म्हणजे तुमच्या घरात मला माझ्या मर्जीने ये-जा करायचीये असं सांगणं, आणि ते ज्याचं घर त्यानेच आधी म्हणायचं असतं. तू ते म्हणाली नाहीस. तू फिरून ये म्हणालीस. त्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो वैशालीला पहिल्या दिवशी समजलाय, तुला चार आठवड्यांत समजलेला नाही.

आणि कोणाला समजलाय बघ. बँकेची मॅनेजर. बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे वाटलेल्या असतात, एकाने एकट्याने उघडायचं नाही, ती किल्ली कोणाच्या हातात कधी गेली ह्याच्या नोंदी असतात, सह्या असतात. आयुष्यभर ज्या बाईच्या पर्समध्ये लोकांच्या सोन्याची किल्ली होती ती तुझ्या टार्नीटच्या तीन बेडरूमच्या घरात हळदीचे डबे पुसत बसलीये, कारण दुसरं तिच्या ताब्यात काही नाहीच. तू त्यावर भडकलीस. रडली नसती तर नवल.

तू लिहितेस मी तिच्या घरी पडीक असायचे. पडीक ह्या शब्दाचा अर्थ विसरलीस वाटतं परदेशात. पडीक म्हणजे त्यांची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते ते माहीत असणं. काकू बाजारात गेल्या असतील तरी आपण कुलूप काढून आत जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलून बघणं. होती ना माहीत तुला? मला खात्री आहे होती. जेवू घातलेलं आठवतंय तुला, कुंडी नाही आठवत.

असो. चिडून झालं माझं.

आता एकच काम सांगते, आणि ह्या शनिवारच्या आत करायचं. तिसरी किल्ली करून घे. तुमच्या बनिंग्जमध्ये, त्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, करून मिळते, नाहीतर शॉपिंग सेंटरात चपला-बूट दुरुस्त करणारा छोटा काउंटर असतो तिथे, पाच-दहा मिनिटांचं काम. घर भाड्याचं असेल आणि किल्लीवर कॉपी करू नये असं कोरलेलं असेल तर आजच एजंटला मेल टाक, आणि ती मिळेपर्यंत तुझ्या नवऱ्याची किल्ली तिला दे. तो येईल तुझ्याबरोबर घरी, किंवा बसेल पायरीवर. त्यालाही समजू दे पायरी कशी लागते. (तिकीट अलीकडचं करा म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला एवढंच बोलायचंय.)

किल्लीबरोबर एक मायकी कार्ड, ट्रेन-ट्रॅम-बसचं. सेव्हन इलेव्हनमध्ये मिळतं, पैसे भरून दे. आणि पहिल्या दिवशी तू स्वतः तिच्याबरोबर टार्नीट स्टेशनपर्यंत चालत किंवा बसने जा, गाडीने नको, रस्ता पायाखालून गेला पाहिजे. तिथून अर्ध्या तासात सदर्न क्रॉस, शहरातलं मोठं स्टेशन. शहरात मधल्या भागात ट्रॅम फुकट आहे, २०१५ पासून, तिथे कार्डही लावावं लागत नाही, चुकली तर पुढच्या स्टॉपला उतरून उलटी यायचं, हरवण्यासारखं काही नाही त्यात. स्टेट लायब्ररीत जाऊ दे तिला, त्या मोठ्या घुमटाखाली बसू दे, तिकीट नाही, कोणी उठवत नाही, आणि ४० डिग्रीच्या दिवशी त्याहून बरी जागा नाही. तिला सांग ही लायब्ररी १८५४ ची. ती लगेच म्हणेल आमचं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. म्हणू दे. गेल्या चार आठवड्यांत तिला आमचं म्हणायला मिळालेली पहिली गोष्ट असेल ती.

दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला. तुमच्या स्टेशनावरूनच थेट जिलाँगची गाडी आहे, आणि मार्च २०२३ पासून बाहेरगावच्या गाड्यांना पण दिवसाचं भाडं जास्तीत जास्त मेलबर्न शहरातल्या दिवसभराच्या भाड्याएवढंच लागतं, त्यामुळे खिशाची काळजी नको. समुद्राच्या कडेने रंगवलेले लाकडी खांब उभे आहेत माणसांसारखे, कोणी बॅंडवाला, कोणी पोहायच्या ड्रेसातली बाई. ते बघत चालायचं, ईस्टर्न बीचवर आईस्क्रीम खायचं आणि परत. तुझ्याशिवाय. तुझा ग्रेट ओशन रोड छानच असेल, पण मागच्या सीटवर मुलाच्या बूस्टरशेजारी बसून बघितलेला समुद्र आणि स्वतः कार्ड लावून स्वतः शोधलेला समुद्र, मी दोन्ही बघितलेत, मला दुसरा आठवतो.

भीतीचं म्हणशील तर तू पत्रात लिहिलं नाहीस पण तुझ्या मनात असणार, एकटी कशी सोडू, ऊन, साप, समुद्र. उन्हाचं खरं आहे. नाशिककर म्हणेल आम्हाला ऊन काय नवीन, तर तिला सांग इथे पंचवीस डिग्रीला गार वारा सुटलेला असतो तेव्हासुद्धा दुपारी यूव्ही, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा निर्देशांक, ११-१२ वर जातो आणि कातडी भाजते, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन, ओढणीवर भागवायचं नाही. क्रीकच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूने चालायचं तर पक्क्या वाटेवरून, गवतात टायगर स्नेक असतात, विषारी. आगीची सूचना देणारं विक इमर्जन्सी ॲप तिच्या फोनवर टाकून दे. आणि समुद्राचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तुम्ही पेंग्विन बघायला गेलात ना, त्याच फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्हजच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२४ मध्ये आपली चार भारतीय माणसं बुडून गेली. तिथे लाइफगार्डांचा पहारा नव्हता. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मध्ये, झेंडे नसतील तर गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. हे तिला सांगायचंच, आणि फक्त तिलाच नाही, तुम्हा तिघांनाही लागू आहे ते. बाकी सगळी भीती तुझी आहे, तिची नाही. नाशिकला एकटीने शाखा चालवते, सीबीएसच्या चौकात रस्ता ओलांडते, तिला टार्नीटचं काय घाबरायचंय.

तिला कसं सांगू असं विचारलं होतंस, तेही सांगते. काहीच सांगायचं नाही. सॉरीचं भाषण नको, मसाल्याच्या डब्यांचा विषय नको, मी तुझ्याशी कशी वागले वगैरे रडारड तर अजिबात नको, कारण मग तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल, पाहुणीला अजून एक काम. रात्री भांडी आवरताना किल्ली तिच्या हातात ठेव. टेबलावर ठेवू नकोस, हातात. म्हण, ही तुझी. एवढंच. ती जाताना परत द्यायला लागेल, घेऊ नकोस. पुढच्या वेळेला लागेल म्हण.

आणि मग दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडली की दर तासाला पोचलीस का, जेवलीस का असले मेसेज टाकू नकोस. एकदा टाक दुपारी, तेही तिने फोटो पाठवला तर. संध्याकाळी तुमच्या आधी ती आलेली असेल किंवा नसेल. उन्हाळ्यात तुमच्याकडे पावणेनऊपर्यंत उजेड असतो, आठला आली तरी दिवसाच आली. दाराशी जाऊन उभी राहू नकोस, बेल वाजायची वाट बघू नकोस. तुझं तू सोफ्यावर पाय वर करून बस, दमलेली आहेस ना.

एक राहिलं. नव्या कापलेल्या किल्लीला कधीकधी कडेला धातूची बारीक खरखर राहते आणि ती कुलपात अडते. तिला द्यायच्या आधी बाहेर उभी राहून, दार ओढून घेऊन, दोन-तीनदा लावून बघ.

— माई