गोरं करणारं क्रीम सोडलं की चेहरा पेटतो, वर बायोडाटासाठी बारीकही व्हायचंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय: वय 22, उंची 5 फूट 1 इंच, वजन 52 किलो. नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेलं क्रीम आठ महिने लावताय, दोन दिवस चुकलं की गाल लाल होऊन आग होते. दिवाळीनंतर स्थळं बघायची म्हणून आई म्हणते, थोडी बारीक हो.

आधी क्रीमचं बघू. लावलं की आराम आणि सोडलं की भडका, ही बहुतेक वेळा स्टेरॉइडची खूण असते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते वांगाच्या डागांवरचं औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजके आठवडे वापरायचं. चिठ्ठीशिवाय ते विकायचंच नसतं. विकलं जातं हे वेगळं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, कारण स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून तर मैत्रिणी एकमेकींना सांगतात. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसतात, पुळ्या येतात, लव वाढते.

असं क्रीम एकदम सोडलं तर भडका मोठा येतो आणि घाबरून तेच परत लावलं जातं. ट्यूब घेऊन या आठवड्यातच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा. ते सौम्य औषध देऊन किंवा दिवसाआड करून उतरवत आणतात. पूर्ण बसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तोवर साधा फेसवॉश आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर, बस. लिंबू, बेसन, वाफ, ब्लीच काही नको.

डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर काहीच नसेल, किंवा 'सोन्याच्या दागिन्याला लागू देऊ नका' असं लिहिलं असेल, तर मात्र आजच बंद करा. त्यात पारा असू शकतो आणि तो कातडीतून शिरून मूत्रपिंडं बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना असल्याच क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. लघवीला फेस येत असेल किंवा पाय सुजत असतील, तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, तपासणी स्वस्त आहे.

आता रंग. दंडाच्या आतली, काखेजवळची कातडी बघा. उन्हाने आलेला काळपटपणा उतरला की चेहरा फार तर त्या रंगापर्यंत येतो, त्यापुढे कोणतंही चांगलं क्रीम नेत नाही. उन्हासाठी एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दोन बोटं भरून चेहरा आणि मानेला, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. सावळ्या कातडीवर पांढरा थर दिसतो म्हणून मुली लावणं सोडतात. रंगछटा असलेलं घ्या. स्कूटीवरचा स्कार्फ आहेच, तो रोज धुवा.

वजनाचं गणित सोपं आहे. वजन 52 भागिले मीटरमधल्या उंचीचा, म्हणजे 1.55 चा वर्ग: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 21.6. भारतीयांसाठी 18.5 ते 22.9 हे योग्य धरतात. कमी करण्यासारखं काही नाही. जेवण टाळलं तर अशक्तपणा येतो, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, मग त्याचंही तेल विकत घ्या! तीन महिने पाळी आली नाही, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटू लागली, तर लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

बायोडाटातला 'रंग' हा रकाना आईशी बोलून काढूनच टाका, माझं स्पष्ट मत आहे. फोटो सकाळी खिडकीपाशी काढा आणि फोनचा ब्युटी मोड आधी बंद करा, तो पुष्कळ फोनमध्ये आपोआप चालू असतो. स्टुडिओवाल्यालाही चेहरा उजळू नको म्हणून सांगा. नाहीतर पोह्यांच्या दिवशी पाहुणे फोटोशी तुलना करतात आणि त्याच संध्याकाळी घरात नवी डबी येते.

काकू-मावशींशी वाद घालत बसू नका. "डॉक्टरांनी चेहऱ्याला काही लावायला सक्त मनाई केली आहे" एवढंच म्हणा. मुलीचं ऐकत नाहीत त्या बायाही डॉक्टरांचं ऐकतात. आईला ओपीडीत सोबत न्या, म्हणजे हे वाक्य तिलाही पाठ होईल.