लेकीला भाचीची बातमी कशी सांगावी?

घरात सुनेला मूल झाले आहे आणि लेक मात्र कित्येक वर्षांपासून मुलासाठी उपचार घेत आहे, अशा वेळी ही आनंदाची बातमी लेकीपर्यंत कशी पोचवावी, हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आया मला वारंवार विचारतात. विचारताना बहुतेक जणींच्या बोलण्यात अपराधीपणा असतो, कारण नातवंडाचे कौतुक केले तर लेकीवर अन्याय होईल आणि लेकीचे दुःख मनात धरले तर त्या नव्या जिवावर अन्याय होईल, असे त्यांना वाटत असते. पुढील हकीकत अशाच एका कुटुंबाची आहे. त्यांच्या संमतीने ती लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सांगली जिल्ह्यातील एका गावातून साठी ओलांडलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांना नात होऊन चार दिवस झाले होते. सून पहिल्या बाळंतपणासाठी कराडला माहेरी होती आणि मुलगाही रजा काढून तिथेच थांबला होता. थोरली लेक पुण्याला. तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि आयव्हीएफचे दोन प्रयत्न अयशस्वी ठरले होते. काकूंनी तिला नात झाल्याचे अजून कळवलेच नव्हते. "बाराव्या दिवशी बारसं आहे, मॅडम. ती आत्या. पाळण्यात नाव तिनंच सांगायचं. पण तिला हे सांगायला माझी जीभच रेटत नाही," असे म्हणून त्या रडू लागल्या.

बोलता बोलता मागचेही उलगडत गेले. सुनेला दिवस गेल्याचे तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणालाच सांगायचे नाही, ही घरची रीत होती, तिथवर ठीक होते. पण तीन महिन्यांनंतरही लेकीला सांगणे आज-उद्या करत पुढे ढकलले गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, त्याचे फोटो मावसबहिणीने स्टेटसला ठेवले आणि लेकीला ते तिथे दिसले. त्याच आठवड्यात तिची बीटा एचसीजीची रक्ततपासणी झाली होती आणि गर्भ राहिला नसल्याचे कळले होते. त्यानंतर ती आईशी फोनवर तब्येतीपुरते आणि पावसापाण्यापुरते बोलू लागली. आता नातीच्या जन्मानंतर नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर एक नवा ग्रुप काढला होता. जुन्या ग्रुपमध्ये लेक होती, म्हणून हा नवा. सगळे तिच्या भल्यासाठीच चालले आहे, असे प्रत्येकाला मनापासून वाटत होते.

मी काकूंना विचारले की, लेकीला ही बातमी कधीच कळणार नाही, असे तुम्हाला वाटते का? त्या म्हणाल्या, "कळणारच की हो." मग प्रश्न ती कोणाकडून आणि कशी कळणार, एवढाच उरतो. आपल्याकडे घरातल्या मोठ्या बातम्या सांगण्याचा एक क्रम असतो. आधी सख्ख्यांना, मग चुलत-मामेभावंडांना आणि मग शेजारीपाजारी व गावाला. त्या क्रमातले आपले स्थान प्रत्येकाला ठाऊक असते. सख्ख्या आत्याला बातमी शेजारणीच्या नंतर कळली, तर मूल नसल्याच्या दुःखावर घरातून वगळले गेल्याचे दुसरे दुःख चढते, आणि माझ्या अनुभवात हे दुसरे दुःख अधिक काळ टिकते. पहिल्यावर कुणाचा इलाज चालत नाही. दुसरे मात्र आपण आपल्या हाताने घडवतो.

काकूंना फोन करून सांगायचे होते. मी त्यांना आधी संदेश लिहायला सुचवले, तेव्हा त्या दुखावल्याच, कारण आईने लेकीला असली बातमी लिहून कळवणे त्यांना परकेपणाचे वाटत होते. परंतु फोनवर बातमी ऐकणाऱ्या माणसाला त्याच क्षणी आनंदाने उत्तर द्यावे लागते, आवाज सांभाळावा लागतो आणि "बाळ कुणासारखं दिसतं?" हेही विचारावे लागते. लिहिलेली बातमी एकटीने वाचता येते, रडायचे असेल तर रडता येते आणि उत्तर सवडीने देता येते. पुष्कळ वेळ खर्चून काकूंनी माझ्यासमोरच संदेश लिहिला. तो असा होता:

"बाळा, शुक्रवारी तुझ्या भावाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पोटात होती तेव्हाही सांगायला हवं होतं. तुला त्रास होईल म्हणून भ्याले, पण त्यामुळं तू एकटी पडलीस. तुला आनंद व्हायलाच पाहिजे असं काही नाही. लगेच फोन करू नकोस. तुला वाटेल तेव्हा कर. मी आहे."

पहिल्या मसुद्यात "तुझ्याकडेही लवकरच पाळणा हलेल" असे एक वाक्य होते. ते मी काढायला लावले. हे वाक्य आशीर्वाद म्हणून म्हटले जाते, मात्र दोनदा उपचार फसलेल्या स्त्रीला त्यात एका परीक्षेची आठवण तेवढी ऐकू येते. बाळाचा फोटोही संदेशासोबत पाठवू नये, तो तिने मागितल्यावर पाठवावा, असे आम्ही ठरवले. नवा ग्रुप त्याच दिवशी बंद झाला.

दोन दिवसांनी लेकीने उत्तर दिले आणि आईच्याच सांगण्यावरून ती माझ्याशी ऑनलाइन बोलली. तिचे शब्द मी तिच्या परवानगीने देते: "बाळ झाल्याचं ऐकून मला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलंच. पण ते दुःख माझ्या ओळखीचं आहे, त्याच्यासोबत मी राहायला शिकलेय. माझ्या आईच्या घरात मला सोडून ग्रुप निघाला, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं." भाचीचा मत्सर वाटतो म्हणून आपण वाईट आहोत का, हेही तिने विचारले. भाचीविषयी माया आणि स्वतःच्या रिकाम्या पाळण्याची कळ या दोन्ही भावना एकाच मनात, अगदी एकाच मिनिटात असू शकतात, आणि दुसरीमुळे पहिली खोटी ठरत नाही, असे मी तिला सांगितले. ही गोष्ट मी इतक्या स्त्रियांना आणि काही पुरुषांनाही सांगितली आहे, आणि दर वेळी समोरच्या माणसाला ती पहिल्यांदाच ऐकायला मिळत असते.

याच दरम्यान घरात आणखी एक गोष्ट शिजत होती. काकूंच्या थोरल्या जाऊबाईंचे म्हणणे होते की, मूल नसलेल्या बाईने पाळण्याला हात लावू नये, नाव चुलत आत्याने सांगावे. अशा बोलण्याकडे मी रीतीभातीचा मतभेद म्हणून पाहत नाही आणि तसे मी काकूंना स्पष्टपणे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. त्याची कारणे स्त्रीमध्ये असतात, पुरुषामध्ये असतात, दोघांमध्ये असतात आणि काही वेळा सगळ्या तपासण्या करूनही सापडत नाहीत. हा एक वैद्यकीय प्रश्न आहे. त्या स्त्रीच्या हाताचा आणि बाळाच्या सुखाचा संबंध जोडणे ही क्रूरता आहे, मग ती कितीही वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून येवो. काकूंनी जाऊबाईंशी वाद घातला नाही. "नाव माझी लेक सांगणार, आणि ती नाही म्हणाली तर तेवढ्यापुरतं आम्ही दुसरं बघू," इतकेच त्या म्हणाल्या.

निर्णय लेकीवर सोडायचा, हे त्यातले महत्त्वाचे. तिने यावेच असा हट्ट आणि तिला नकोच असेल असा परस्पर समज, हे दोन्ही टाळून तिच्यापुढे मार्ग ठेवले गेले: बारशाला पूर्ण वेळ थांबणे, फक्त नाव सांगून निघणे, घरूनच फोनवरून नाव सांगणे, किंवा या वेळी न येता पुढे कधीतरी निवांत भेटणे. ऐनवेळी मन बदलले तरी चालेल, हेही सांगितले. तिने वेगळेच निवडले. बारशाच्या आदल्या दिवशी, पाहुणे येण्यापूर्वी, ती नवऱ्यासोबत कराडला गेली. बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेताना आपल्याला रडू आले तर ते चाळीस बायकांसमोर येऊ नये, असे तिला वाटत होते. तिथे ती रडली आणि तिच्यासोबत बाळंतीणही रडली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत अनेकींना विनाकारण भरून येते आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते, पण या सुनेच्या रडण्यात आपल्या आनंदामुळे नणंद तुटली, ही बोचही होती. नऊ महिने तिलाही सांगायचे होते आणि तिला गप्प राहायला लावले होते. सुनेच्या या बाजूचा घरात कुणी विचारच केला नव्हता.

बारशाच्या दिवसासाठी काकूंना मी एक काम दिले होते. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले की तिच्या पाठीत धपाटे घालायची आपली गमतीची पद्धत आहे आणि त्या गलक्यात "आता पुढचा नंबर तुझा", "तुमचे पेढे कधी?" अशी वाक्ये हमखास येतात. ती बोलू शकतील अशा तीन-चार जणींना काकूंनी आधीच फोन करून विनंती केली. तरीही एक आजी घुगऱ्या घेताना बोलल्याच. तेव्हा काकूंनी "आज माझ्या नातीचं कौतुक करूया, लेकीचं ती आणि जावई बघतील," असे म्हणून त्यांना जेवायला बसवले. लेकीने नाव सांगितले, पाळणा हलवला, आत्याचा मान म्हणून ठेवलेली साडी घेतली आणि पंगतीपूर्वी ती निघाली. काकूंनी तिला थांबवले नाही.

मग काकूंनी स्वतःविषयी विचारले: पेढे वाटायचे राहिले होते, आता वाटले तर चालतील का? त्यांनी अवश्य वाटावेत, असे मी म्हटले. आजीने नातीचा आनंद दाबून ठेवल्याने लेकीचे दुःख तिळभरही कमी होत नाही, उलट आपल्यामुळे घरात सण होत नाही, हे ओझे लेकीच्या डोक्यावर येते.

सध्या लेकीने घरचा ग्रुप म्यूट करून ठेवला आहे आणि त्याचा कुणी अर्थ काढत नाही. भाचीचे फोटो ती मनात येईल तेव्हा मागते, काही आठवडे मागतही नाही. उपचार पुढे न्यायचे की थांबायचे, हे ती आणि तिचा नवरा अजून ठरवत आहेत. मधल्या काळात तिची झोप उडाली होती आणि कामावर जाणेही नको वाटत होते, म्हणून मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे होत असेल, मग ती उपचार घेणारी स्त्री असो, तिचा नवरा असो की बाळंतीण, तर थांबून न राहता तज्ज्ञांना भेटावे. जवळपास कुणी नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.