नाल्याच्या पाण्यासाठी ऑनलाइन सह्या घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर पावसाळ्यात बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर रस्त्याकडच्या शिवारात शिरतं, भात कुजतं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो आणि दसऱ्यापर्यंत सगळं थंड होतं. आता ऑनलाइन सह्यांची मोहीम काढावी का? अशा गोष्टींनी सरकारी निर्णय खरंच बदलतात का?

बदलतात, पण नुसत्या सह्यांनी क्वचितच. ग्रामसभा, माहिती अधिकार आणि हरकती-सूचनांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. सरकारी टेबलावर माणसांचा आकडा चार दिवस टिकतो. लोकांनी आपसात वाटून घेऊन, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी केलेली नोंद मात्र फाइलमधून सहजासहजी हलत नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. 2015 च्या मार्चमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इंटरनेट सेवांबद्दल एक जाडजूड मसुदा काढून लोकांना 20 प्रश्न विचारले. काही कार्यकर्त्यांनी, वकिलांनी आणि प्रोग्रॅमरनी मिळून त्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, ती साध्या भाषेत समजावली, आणि लोकांनी ती आपापल्या ईमेलवरून पाठवली. दहा लाखांच्या घरात ईमेल गेले. त्याच वर्षाअखेर ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल पुन्हा मतं मागवली, तेव्हा फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ या ठराविक साइट फुकट दाखवणाऱ्या योजनेसाठी वापरकर्त्यांकडून ठराविक मजकुराचे लाखो प्रतिसाद पाठवले. त्यावर ट्रायने कळवलं की यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला आणि कुठली साइट बघता यावरून डेटाचे दर कमीजास्त ठेवायला बंदी झाली. दोन्ही बाजूंनी लाखोंनी लिहिलं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाला धरून बोलणाऱ्यांचंच वजन पडलं.

त्याच प्रकरणात ट्रायने आलेले प्रतिसाद ईमेल पत्त्यांसकट आपल्या वेबसाइटवर टाकले होते. म्हणून सांगून ठेवतो, उघड्या शीटमध्ये कुणाचाही फोन नंबर, आधार किंवा घरचा पत्ता येऊ देऊ नका.

आता तुमचा नाला. एक साधा गूगल फॉर्म करा आणि त्याची शीट सगळ्यांना फक्त बघता येईल अशी उघडी ठेवा. बदल करायचा अधिकार दोघा-तिघांकडेच असू दे. कुणी कधी काय बदललं याचा इतिहास शीटमध्ये आपोआप राहतो आणि बदलाचा अधिकार असलेल्यांना तो उघडून दाखवता येतो, त्यामुळे संशयाला जागा उरत नाही. रकाने मोजकेच हवेत: तारीख आणि वेळ, सर्व्हे नंबर, पाणी घोट्याएवढं की गुडघ्याएवढं, किती दिवस उभं राहिलं, पीक कोणतं आणि किती वाढलेलं, आणि फोटो. सर्व्हे नंबर पाठ नसेल तर कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ ॲप शेतात उभं राहून उघडायचं, तुम्ही उभे आहात त्या जागेचा नंबर ते दाखवतं. फोटो नेहमी एकाच जागेवरून घ्या. रस्त्याखालच्या मोरीची भिंत किंवा विजेचा खांब फोटोत आला पाहिजे, नाहीतर पाणी किती चढलं हे पुढच्या वर्षी सांगता येणार नाही. आणि फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून मग चढवू नका. तिथून गेलेल्या फोटोतली मूळ तारीख-वेळ आणि ठिकाण निघून जातं. मोबाइलमधला मूळ फोटोच फॉर्ममध्ये टाका.

एवढा खटाटोप कशाला, असं काहीजण म्हणतील. आमच्या भागातल्या एका ओढ्याबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ओढा रुंद करा. दोन पावसाळ्यांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर दिसलं की पाणी आधी एका जुन्या मोरीच्या वरच्या अंगाला तुंबतं, तिथे जलपर्णी आणि प्लास्टिक अडकतं, आणि मगच ते शेतात पसरतं. खालच्या अंगाला ओढा पुरेसा रुंद होता. मागणी बदलली. रुंदीकरणाला लागणारी जमीन, त्यावरचे वाद, भूसंपादन, सगळं बाजूला राहिलं आणि मोरी मोठी करण्याचं काम तालुक्याच्या कामांच्या यादीत आलं. हे ग्रुपवरच्या चर्चेतून कधीच कळलं नसतं, कारण तिथे जो जास्त बोलतो त्याचंच शेत सगळ्यांना दिसतं.

आपल्याकडचा सगळ्यात नाजूक भाग भाषेचा. नाला तुमच्या शिवारात थांबत नाही. शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, हलगा, सगळीकडे त्याचा त्रास आहे आणि त्यात कन्नड बोलणारे शेतकरीही आहेत. ग्रुपवर सीमाप्रश्नाचा एक मेसेज पडला की पाण्याचा विषय संपला, हे तुम्हीही पाहिलं असेल. सीमाप्रश्न 1956 पासूनचा आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि त्याची तळमळ मला कुणापेक्षाही कमी नाही. पण या शीटवर फक्त पाणी, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत करा.

निवेदन मराठीतच द्या. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. तो हक्क सोडायचं कारण नाही. सोबत कन्नड प्रत जोडा, कारण फाइलवरची टिपणी कन्नडमध्ये होणार आहे. ही प्रत दुकानात पैसे देऊन करून घेऊ नका. नाल्याच्या खालच्या अंगाच्या कन्नड शेतकऱ्याकडून करून घ्या. तो ती लिहील तेव्हा दोन ठिकाणी अडवेल, ‘असं नाही, आमच्याकडे पाणी असं येतं’ म्हणेल. ते अडवणं तुमच्या निवेदनाला बळकटी देतं.

मतभेद तर होणारच. वरच्या अंगाच्या लोकांना पाणी लवकर खाली जायला हवं, खालच्यांना धास्ती की सगळं आपल्यावर येईल. इथे तैवानची पद्धत मला फार उपयोगाची वाटते. 2015 मध्ये उबरच्या टॅक्सींवरून तिथे वाद पेटला, तेव्हा ‘पोलिस’ नावाच्या खुल्या प्रणालीवर लोकांची मतं घेतली. (नाव ऐकून दचकू नका, खाकीशी त्याचा संबंध नाही.) त्यात कुणीही एक वाक्य मांडायचं, बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच दाबायचं. उलट उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडण वाढत नाही. कोणते गट कुठे जुळतात आणि कुठे फाटतात, याचा नकाशा यंत्र काढतं. टॅक्सीवाले आणि उबरवाले दोन टोकांना होते, तरी प्रवाशांचा विमा असावा अशा काही वाक्यांवर दोन्हीकडचे बहुतेक लोक एकत्र आले आणि पुढच्या नियमांत त्याचा उपयोग झाला. तो कौल सरकारवर बंधनकारक नव्हता, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्याकडे ‘रुंदीकरणाला जमीन द्यावी’ यावर लोक फाटतील. ‘जलपर्णी मृगाच्या आधी काढलीच पाहिजे’ यावर बहुधा कुणीच फाटणार नाही. मग पहिलं निवेदन जलपर्णीचं द्या.

खानापूरकडच्या लोकांसाठीही हीच रीत कामाची आहे. 31 जुलै 2024 ला पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आला, सहा राज्यांतलं 56 हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, हरकतींना 60 दिवस. खानापूर तालुक्यातली गावं त्यात आहेत. असे मसुदे एकट्याने वाचायचे म्हटले तर मुदत निघून जाते. पानं वाटून घ्यावीत, प्रत्येक गावाने आपलं नाव आणि आपल्याला लागू होणारे नियम तपासावेत, मराठी सार एका ठिकाणी ठेवावं. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर दिल्ली हायकोर्टाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करायला सांगून मुदतही वाढवली होती. मराठी त्या अनुसूचीत आहे. पुढच्या वेळी त्या आदेशाचा दाखला देऊन मराठी मसुदा मागा.

एक काळजी राहते. फॉर्म भरणारे बहुतेक तरुण असतात. खंडाने शेती करणारे, रोपलावणीला जाणाऱ्या बायका, बांधावर आयुष्य काढलेले म्हातारे त्यात येत नाहीत, आणि पाण्याची खरी माहिती त्यांच्याकडे असते. प्रत्येक गल्लीतल्या एका पोराने मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, भरायचं. हे केलं नाही तर शीट अर्धीच राहते.

कुठला पट्टा कुठल्या खात्याकडे आहे हे आधी माहिती अधिकारात विचारून घ्या. 10 रुपये फी आणि 30 दिवसांची मुदत. महापालिकेच्या हद्दीतलं काम पंचायतीकडे मागत बसलात तर एक पावसाळा फुकट जातो. गावातला भाग वॉर्ड सभेत मांडा. कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत कायद्यानुसार ती सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. शीट छापून न्या, इतिवृत्तात तिचा उल्लेख लिहून घ्या आणि सही होईपर्यंत जागेवरून उठू नका. काम खरंच पंचायतीच्या आराखड्यात आलं की नाही ते केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तपासता येतं.

फॉर्मचा कन्नड मजकूर बघायला कुणी हवं असेल तर कळवा. जुने बेळगावकडचे एक-दोन शेतकरी ओळखीचे आहेत, त्यांच्याशी गाठ घालून देतो.