प्रवासप्रश्न : ओसाकातली संध्याकाळ

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण ओसाकात दोन दिवस आहोत, मुक्काम नांबाला. किल्ला, उमेदा, दोतोनबोरी, शिनसेकाई बघायचंय आणि रात्रीही फिरायचंय. क्रम कसा लावावा?

शेवटच्या मेट्रोपासून उलटं मोजत या. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते ती थेट पहाटे पाचच्या आसपास सुरू होते. फसगत होते ती गाडी बदलताना : पहिली गाडी मिळते, पण पुढच्या मार्गावरची शेवटची निघून गेलेली असते. मुक्काम नांबाला आहे, तर रात्रीचा शेवटचा टप्पा नांबा-दोतोनबोरीतच ठेवा, म्हणजे चालत खोलीवर येता येईल. लांबचं आधी उरका.

किल्ला सकाळी. मधला मनोरा 1931 सालचा, काँक्रीटचा. आत संग्रहालय आणि लिफ्ट आहे. सेनानी हिदेयोशीने 1583 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला 1615 च्या लढाईत जळाला, आज दिसणारे दगडी तट त्यानंतर सत्तेवर असलेल्या तोकुगावा घराण्याने उभारले. खरं वैभव या तटांचं आणि खंदकांचं. साकुरामोन दरवाजातून आत शिरलात की समोरच ‘ताकोइशी’ आहे : एकच शिळा, साधारण साडेपाच मीटर उंच, जवळजवळ बारा मीटर रुंद, वजन शंभर टनांच्या वर. बहुतेकजण तिच्यासमोरून सरळ तिकिटाच्या रांगेकडे जातात. तुम्ही मात्र थांबा. वेळ कमी असेल तर मनोऱ्याची आतली बाजू सोडा, ही शिळा सोडू नका.

सूर्यास्ताच्या तासभर आधी उमेदा स्काय बिल्डिंग गाठा. गच्ची 173 मीटरवर, उघडी, वाऱ्याची. अंगावर काहीतरी घ्या. स्टेशनापासून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, आणि उमेदाच्या भुयारी बाजारात वाट हमखास चुकते, म्हणून पाव तास जास्तीचा धरा. मग लाल रंगाच्या मिदोसुजी मार्गाने नांबा, दहा मिनिटांच्या आत.

दोतोनबोरीची धावपटूची पाटी (ग्लिको या खाऊ बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात) पहिल्यांदा 1935 मध्ये लागली. आताची सहावी, 2014 ची. ती अंधार पडल्यावरच बघावी. तिथली गर्दी सोसवेनाशी झाली की चार पावलांवर होझेनजी देवळाचं बोळ आहे. दगडी फरसबंदी, कंदील, आणि फुदो देवाची मूर्ती. भाविक तिच्यावर पळीने पाणी घालत आले, म्हणून ती शेवाळाने नखशिखांत हिरवी झाली आहे. नाक-डोळेही दिसत नाहीत. रात्री ओलं शेवाळ दिव्यात चमकतं.

शिनसेकाई दुसऱ्या दिवशी, चार-पाच वाजता. मिदोसुजी मार्गावर दोबुत्सुएनमाए स्टेशनला उतरा. कुशीकात्सूची, म्हणजे काडीला लावून तळलेल्या तुकड्यांची, बरीच दुकानं इथे लवकर आवरतात. सॉसचं भांडं सामाईक असेल तर काडी एकदाच बुडवायची, तीही चावा घेण्याआधी. आणखी हवा असेल तर कोबीच्या पानाने उचलून घ्यायचा. हल्ली पुष्कळ ठिकाणी सॉसची बाटली ठेवतात, तिथे हा प्रश्न नाही.

प्रश्न : मैत्रीण पीत नाही. बिलात काय अडचण येईल?

इथे रात्रीचा हिशेब माणशी आणि वेळेवर चालतो, हे बसण्याआधीच लक्षात घ्या. इझाकायात, म्हणजे खाणंपिणं मिळणाऱ्या जपानी बारमध्ये, न मागता खाण्याची एक वाटी येते, ती ‘त्सुकिदाशी’. ती फुकट नसते. माणशी तीनशे-पाचशे येन लागतात, न पिणाऱ्यालाही. ‘नोमिहोदाई’, म्हणजे ठरलेल्या वेळेत हवं तितकं पेय, बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी मिळून घ्यावं लागतं. वेळ नव्वद किंवा एकशेवीस मिनिटं, आणि शेवटची ऑर्डर बरीच आधी घेतात. एकच पिणारी असेल तर ग्लासागणिक मागवलेलं स्वस्त पडतं. कराओकेच्या पाटीवरचा आकडा बहुधा अर्ध्या तासाचा, माणशी असतो. दोघींचे दोन तास म्हणजे त्याची आठपट, वर प्रत्येकी एक पेय. टिप द्यायची नसते.

रस्त्यावर कोणी ‘चला, स्वस्त बार दाखवतो’ म्हणत मागे लागला तर अजिबात जाऊ नका, कितीही गोड बोलला तरी. अवाच्या सवा बिलं तिथूनच सुरू होतात. दाराबाहेर दर लिहिलेलं दुकान निवडा. क्लबात जायचं असेल तर मूळ पासपोर्ट जवळ हवा. दारूसाठी वयाची अट 20 आहे.

प्रश्न : एकाच इकोका कार्डावर (रेल्वे-मेट्रोचं पैसे भरून वापरायचं कार्ड) दोघी जाऊ शकतो का?

नाही. कार्डावर आत शिरल्याची नोंद होते आणि बाहेर पडेपर्यंत ती मिटत नाही, म्हणून दुसरीला फाटक अडवतं. दोघींना वेगवेगळी कार्डं घ्या. बाहेर पडताना शिल्लक कमी पडली तर फाटकाआधीच्या यंत्रात पैसे भरा.

प्रश्न : शाकाहारी असल्यास ताकोयाकीतला (पिठाच्या भाजलेल्या गोळ्यातला) ऑक्टोपस काढून खाता येईल?

तेवढ्याने भागत नाही. पीठ सहसा माशाच्या ‘दाशी’ पाण्यात भिजवलेलं असतं, वर माशाचा कीस भुरभुरतात. ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्याचंही तेच. कुशीकात्सूत कमळकाकडीची काडी मिळते, पण ती मांस तळलेल्याच तेलात, कित्येकदा जनावराच्या चरबीत तळलेली असते. कडक शाकाहारी असाल तर आधी भारतीय किंवा व्हीगन उपाहारगृहात जेवून घ्या आणि मग दोतोनबोरीला निघा.