आजोबांच्या जुन्या फाउंटन पेनावरचे शाईचे डाग कशाने काढावेत?

आधी ते नेलपॉलिश रिमूव्हर पेनापासून लांब ठेवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की आजोबा इंदूरच्या होळकर संस्थानात कारकून होते, त्यांचं पट्टेरी, लिव्हरचं (म्हणजे अंगावरचा खटका उचलून शाई भरायचं) पेन आता कपाटात सापडलं. टोपण आतून काळंनिळं झालंय, अंगावर जांभळट डाग आहेत, भाऊ रिमूव्हर लाव म्हणतो आणि आई गरम पाण्यात बुडव म्हणते. यातलं काहीच करू नका. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं. पेन त्या आधीचं असेल तर ते बहुधा सेल्युलॉइडचं (जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक) किंवा एबोनाइटचं (कडक रबर) असणार. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन सेल्युलॉइड विरघळवतं, म्हणजे डागाबरोबर पेनाचं अंगही जाईल. गरम पाण्याने एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं आणि सेल्युलॉइड वाकडं होतं. स्पिरिट आणि सॅनिटायझरही नको. जुन्या पेनात निबेचा भाग आणि आतली शाईची रबरी पिशवी लाखेने चिकटवलेली असते आणि लाख स्पिरिटमध्ये सुटते. काही जुनी पेनं अ‍ॅक्रिलिकची असतात, १९४१ मध्ये आलेलं पार्कर ५१ त्यातलंच. त्यांना स्पिरिटने बारीक तडे जातात.

म्हणून डागाकडे बघण्याआधी पेन कशाचं आहे ते ओळखा. अंगठ्याने एकाच जागी जोरात घासा, जागा गरम झाली की नाकाजवळ न्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना त्यात कापूर घालतात. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. मोत्यासारखे चमकणारे पट्टे असतील तर मी वास न घेताच सेल्युलॉइड म्हणेन. ते झटकन पेट घेतं, देवघरातल्या निरांजनापासूनही लांब ठेवा. कुठलाच वास आला नाही तर केसीन असू शकतं. ते दुधातल्या प्रथिनापासून करतात आणि पाण्यात फुगतं. अशा शंकेच्या पेनाला फक्त ओलसर फडकं लावायचं, बुडवायचं नाही.

आता लिव्हर. तो उचलून बघायचा मोह होईल, पण आतली पिशवी इतक्या वर्षांत दगडासारखी झालेली असते. जोर लावलात तर पिशवी फुटेल, कदाचित लिव्हरही तुटेल. पेन कानाशी धरून हलवा. आत खडखडलं तर पिशवीचे तुकडेच झालेत असं समजा.

साफसफाई निबेपासून सुरू करा. साध्या, थंड पाण्यात निब आणि तिच्याखालची काळी जीभ बुडेल एवढंच पेन उभं करा. अख्खं पेन कधीच नको, कारण लिव्हरखालची पट्टी लोखंडी असते आणि आत पाणी राहिलं की गंजते. नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर ते वापरा, बोरिंगचं नको. जड पाण्याचे क्षार जिभेच्या बारीक खाचांत बसतात. पाणी निळं झालं की बदला. रात्रभर ठेवायला लागलं तरी हरकत नाही, फक्त एबोनाइटची जीभ उन्हात ठेवू नका. साधी धुता येणारी निळी शाई असेल तर एवढ्यानेच ती निघून येते, आणि मग पुढचं काही करायची गरजच उरत नाही.

नाही निघाली तर शाई कुठली हे विचारावं लागतं. दप्तरातल्या कागदांसाठी त्या काळी निळी-काळी शाई वापरत, तिच्यात लोहाचे क्षार असत. लिहिताना निळी, आणि हवा लागली की काळी पडून कागदात बसणारी. म्हणूनच जुने दस्तऐवज अजून वाचता येतात. पेनात ती काळी खपली करून बसते. तिला अमोनिया किंवा ब्लीच लावलं तर लोह आणखी घट्ट बसतं. तिथे व्हिटॅमिन सी चालतं. दवा बाजारात (औषधांच्या बाजारात) शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडची, म्हणजे व्हिटॅमिन सीची, पूड मिळते (नारंगी गोळ्या नको, त्यांत रंग आणि साखर असते), ती अर्धा कप पाण्यात चिमूटभर घालून निब-जीभ काही तास ठेवा. काळं झालेलं लोह पुन्हा विरघळणारं होतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. मग साध्या पाण्याने नीट धुवा.

शाई साधी रंगाची, पण घट्ट वाळलेली असेल तर अमोनिया. दवा बाजारातला अमोनिया तीव्र असतो, पंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून एक चमचा अमोनियाला पन्नास चमचे पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, वीस मिनिटांत बाहेर काढा. पितळ असेल तर ते अमोनियात फार वेळ राहू नये. आणि अमोनिया व ब्लीच कधीही एका भांड्यात नको, विषारी वायू तयार होतो.

टोपणाच्या आत पाणी ओतू नका. कान साफ करायची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळा आणि फिरवत राहा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. याला वेळ लागतो आणि हेच काम सगळ्यात उपयोगी, कारण टोपणातली वाळलेली शाई पुन्हा ओली होऊन पेनाच्या अंगाला लागत असते.

अंगावरच्या जांभळट डागांबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. जांभळे रंग सेल्युलॉइडमध्ये मुरतात आणि मुरलेला रंग घासून निघत नाही. शिवाय जुन्या पेनाचा काळपटपणा सगळा शाईचा नसतो. रबरी पिशवीतून निघणाऱ्या गंधकामुळे सेल्युलॉइड आतूनच पिवळं-तपकिरी होतं, आणि त्यावर कुठलाही द्रव लागू पडत नाही. ओल्या फडक्याने आणि साबणाच्या थेंबाने जेवढं जाईल तेवढं घालवा आणि थांबा. टूथपेस्ट किंवा ब्रासो घासाल तर क्लिपवरचा सोन्याचा पातळ मुलामा आणि पेनावर कोरलेलं कंपनीचं नाव निघून जाईल. जुन्या पेनाची ओळख त्या नावातच असते.

निब सोन्याची आहे म्हणून उजळायला सराफ्यात नेऊ नका, दुकानदार कितीही चांगला असला तरी. लिहिणारं टोक सोन्याचं नसतं, तो इरिडियमसारख्या कठीण धातूचा बारीक दाणा निबेला जोडलेला असतो. पॉलिशच्या चाकावर तो झिजतो आणि आच लागली तर सुटू शकतो.

सगळं झालं की निब खाली करून टीपकागदावर रात्रभर उभं ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री. नवी पिशवी बसवल्यानंतर पहिल्यांदा साधी निळी शाईच भरा. चित्रकलेची काळी चायना इंक नको, तिच्यात लाख असते आणि ती आत कायमची बसते.

लिव्हरवर, टोपणाच्या कडेवर किंवा निबेवर जी अक्षरं दिसतील ती इथे लिहा, आणि घासल्यावर वास कसला आला तेही. त्यावरून पेन कुठलं आणि पिशवी कुठल्या मापाची लागेल हे सांगता येईल.